ईसीजी नॉर्मल आला, मग आता जाऊ कुणाकडे?

पत्र

"ताई, मी ४४ वर्षांची. बार्शी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दिवाळीनंतर त्रास सुरू झाला. रात्री दोन-अडीचच्या सुमारास दचकून जाग येते, छातीत धडधडतं, घाम फुटतो, हाताला मुंग्या येतात, आता काही मी वाचत नाही असं वाटतं. दोनदा यांनी रातोरात बार्शीला दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, नंतर टू-डी इको केला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलम दिली. ती चार महिने चालू आहे, आता मेडिकलवाला ओळखीने देतो. पाळी मागेपुढे होते आणि आली की खूप जाते. केस गळतात. टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) वाटताना उभं राहवत नाही. जाऊबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषाला दाखव. पुण्याला शिकणारी मुलगी म्हणते मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हे म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडे गेलीस तर गावभर होईल, पोरीचं लग्न जमवायचंय. मी जाऊ कुणाकडे? हृदयाच्या, बायकांच्या की डोक्याच्या? चुकीच्या ठिकाणी गेले तर पैसेही जायचे आणि हसंही व्हायचं. कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. हे कुणाला सांगितलेलं नाही."

उत्तर

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंत ते आधी घेते. झोपावं आणि उठूच नये असं वाटणं वेगळं आणि जीव द्यावा असं वाटणं वेगळं. पहिलं फार थकलेल्या माणसाला वाटतं. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर मन कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून मी आडपडदा न ठेवता विचारते. स्वतःचं काही करून घ्यावं असा विचार येतो का? कसं, कशाने, हे मनात घोळतं का? उत्तर 'हो' असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला तुमचं ते वाक्य जसंच्या तसं सांगा, एकट्या बसू नका आणि १४४१६ ला फोन लावा. हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फोनला पैसे पडत नाहीत, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. विचार आवरेनासा झाला तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा. तिथे 'मला जगावंसं वाटत नाही' एवढं सांगितलं तरी पुरे.

उत्तर 'नाही' असलं तरी दोन कामं आजच करा. शेतीची औषधं घरात असतील तर ती कुलपात जाऊ द्या आणि किल्ली मिस्टरांकडे. झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही त्यांच्याकडे द्या, रोजची गोळी त्यांनी हातात ठेवावी. मरावंसं वाटण्याची तीव्र लाट बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर गावाकडच्या कितीतरी घरांचं पुढचं सगळं ठरलेलं आहे. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका. आणि मनात पोलिसांची भीती असेल तर ती काढून टाका. असा विचार बोलून दाखवला म्हणून कुणावर केस होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असंच धरायला सांगितलंय. त्याला शिक्षा करायची नाही, त्याच्या उपचारांची सोय सरकारने करायची, असं तो कायदा म्हणतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते, आणि 'मी नक्की कुठल्या खोलीत जाऊ' असं विचारणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांतली निम्मीअधिक तुमच्यासारखीच एका गोष्टीवर अडकलेली असतात. आधी आजार कुठला ते आपल्याला कळलं पाहिजे आणि मगच बरोबर डॉक्टरांकडे जाता येईल, असं त्यांना वाटतं. ताई, आजार ओळखणं तुमचं काम नाही. तुमच्या अंगणवाडीत एखाद्या बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही तर जंत आहेत, क्षय आहे की हृदयाला छिद्र आहे, हे तुम्ही ठरवत बसत नाही. वजनकाट्यावरचा आकडा आणि आई काय सांगते ते घेता आणि बाळ पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवता. तुम्हालाही एवढंच करायचंय. आपला त्रास नीट मांडायचा आणि तो सगळा एका जागी दाखवायचा.

तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुमचा त्रास तुकड्यातुकड्यांनी दाखवला गेला. धडधड एकाला दाखवली, झोप दुसऱ्याला, पाळीचं कुणालाच सांगितलं नाही, आणि उठूच नये असं वाटतं हे तर घरातही नाही. ज्याला जो तुकडा दिसला त्याने तेवढ्यापुरतं पाहिलं. सगळं एकत्र ऐकलेला डॉक्टर तुम्हाला अजून भेटलेलाच नाही.

आधी त्या 'नॉर्मल'बद्दल. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' हे ऐकलं की मला राग येतो. रात्री दोन वाजता जीव जातोय असं वाटून दवाखान्यात धावलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे तिचा त्रास तिच्याच पदरात परत टाकणं. ईसीजी काढतात तो काही सेकंदांचा असतो. त्या सेकंदांत हृदयाची लय ठीक होती, हे त्यातून कळतं. टू-डी इकोमध्ये हृदयाची रचना, झडपा, पंपाची ताकद दिसते. दोन्ही चांगले आले ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे, तो दिलासा जरूर घ्या. पण अधूनमधून येणारी धडधड त्या वेळी आलीच नसेल तर ईसीजीत दिसणार नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते होल्टर लावतात, म्हणजे छातीवर पट्ट्या लावून चोवीस तास किंवा जास्त वेळ लय टिपणारं यंत्र. ते लावायचंच असं मी म्हणत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही, इतकंच मला सांगायचंय.

तुम्ही लिहिलंय त्यातलं पुष्कळसं पॅनिक अटॅकशी जुळतं. अचानक सुरू होणं, दहाएक मिनिटांत टोकाला जाणं, घाम, मरणाची भीती आणि मग हळूहळू उतरणं. हातापायाच्या मुंग्यांचंही कारण आहे. भीतीने श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. झोपेतून जाग येऊनही हे होऊ शकतं. तसं झालं तर उठून बसा, पाय जमिनीला टेकवा आणि श्वास सोडताना घेताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावा. कागदी पिशवीत श्वास घ्या असं कुणी सांगितलं तर ते करू नका.

पण 'जुळतं' म्हणजे 'तेच आहे' असं नव्हे, आणि इथे मी फार जपून बोलते आहे. छाती आवळल्यासारखी झाली, कळ जबड्यात, पाठीत किंवा हातात गेली, चालताना किंवा जिना चढताना दुखणं वाढलं, भोवळ येऊन पडलात, दम लागला, तर 'पॅनिकच असेल' म्हणून घरी बसू नका. १०८ बोलवा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ, धाप, न पेलणारा थकवा, एवढ्यावरही येतो. आधीचा ईसीजी चांगला होता हे त्या दिवशीचं उत्तर होऊ शकत नाही.

मग पहिलं दार कोणतं? एमडी मेडिसिन, म्हणजे आपण फिजिशियन म्हणतो ते. कारण तुमच्या पत्रात शरीराच्या तक्रारीही ढीगभर आहेत आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलेलंच नाही. पाळी खूप जाते, उभं राहवत नाही, केस गळतात. मला आधी हिमोग्लोबिन आठवलं. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की तुम्ही धावपळ करता. तुमच्यासारख्या गरोदर नसलेल्या बाईसाठी ती रेघ १२ वर आहे. तुमचं स्वतःचं शेवटचं कधी तपासलं होतं? रक्त कमी असेल तर हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात, त्यानेही धडधडतं. दुसरं थायरॉइड. ती ग्रंथी जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, झोपमोड होते. कमी करत असेल तर थकवा, केसगळती, सुस्ती, उदासपणा येतो. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे, त्यात बरंचसं कळतं. बी-१२, साखर आणि रक्तदाबही पाहायला सांगा. दम्याचं किंवा आणखी कुठलं औषध चालू असेल तर तेही सांगा, काही औषधांनीही धडधडतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायचंच आहे. चव्वेचाळीसाव्या वर्षी पाळी मागेपुढे होणं म्हणजे ती थांबण्याआधीचा काळ सुरू झालेला असू शकतो. त्या काळात रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन घामाने जाग येते, धडधडतं, मनही हळवं होतं. यावर उपचार आहेत. पण 'वयाचं आहे' म्हणून जास्तीचा रक्तस्राव अंगावर काढायचा नाही. तो का होतो ते सोनोग्राफी करून बघतात, गाठ वगैरे नाही ना याची खात्री करतात. गावात बायका हे वर्षानुवर्षं सोसतात आणि हिमोग्लोबिन सातवर आलं की मग भरती होतात. तुम्ही तरी तसं करू नका.

आता मानसोपचाराचं. इथे माझं मत ठाम आहे. रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, मग बघू, असं म्हणून हे दार मागे ठेवू नका. दोन्ही एकाच आठवड्यात करा. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं आणि चिंतेचा आजारही असू शकतो, दोन्ही एकाच माणसाला होतात. एक सापडलं म्हणून दुसरं नाही, असं होत नाही. आणि उठूच नये असं ज्या माणसाला वाटतं, त्याच्याशी त्या विषयावर बोलणारं कुणीतरी तातडीने हवं. ते तुमच्या हिमोग्लोबिनवर अवलंबून ठेवता येणार नाही.

या दारावर पाट्या अनेक असतात, त्यामुळे गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस झालेले आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. आजार ओळखणं, औषध लिहिणं, शरीराचं काही आहे का ते बघणं ही कामं त्यांची. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषध देत नाहीत. बोलून, पद्धतशीर सराव देऊन उपचार करतात. पॅनिकसाठी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी चांगली उपयोगी पडते, ती यांच्याकडे मिळते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, नंबर विचारला तर सांगायला त्यांनी कचरू नये. समुपदेशक मात्र कुणीही म्हणवून घेतं. उत्तम शिकलेले, अनुभवी समुपदेशक आहेत, त्यांची मदत मोलाची असते. पण चार दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून काय शिकलात, कुठे काम केलंत, आणि औषधाची गरज वाटली तर कुणाकडे पाठवता, हे तिघांनाही विचारा. शेवटच्या प्रश्नाला 'औषधं घेऊच नका, मी बरं करतो' असं उत्तर आलं तर तिथून उठा. या तिघांपैकी तुम्हाला सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासूनच करावी लागेल, आणि त्याचं कारण ती गोळी आहे.

अल्प्राझोलम. ताई, या गोळीबद्दल जरा सविस्तर लिहिते. ती वाईट औषध नाही. थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली तर उपयोगी आहे. पण ती रोज घेतली की काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागू शकते. मग तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते, आणि असर उतरला की घबराट, धडधड वाढते. तुम्हाला रात्री अडीचला जाग येते त्यात या गोळीचा काही हात आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने मनाई आहे. मेडिकलवाला ओळखीने देतो हे तुमच्यावर उपकार नाहीत.

पण हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, काहींना फिट येते. ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते आणि किती दिवसांत किती, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. तोवर आहे तेवढीच घ्या, स्वतःहून वाढवू नका. त्यावर आणखी कुठली झोपेची, खोकल्याची किंवा वेदनेची औषधं डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते, असं तुमच्याकडे कुणी म्हणालं असेल. उदासीनता आणि चिंता यांसाठी आता जी औषधं सहसा पहिल्यांदा देतात, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, त्यांची अशी ओढ लागत नाही. बंद करताना तीही हळूहळू कमी करावी लागतात, ते खरं. म्हणजे जिची भीती वाटायला हवी ती गोळी तुम्ही चार महिने निर्धास्त घेताय आणि जिच्याने गुण येण्याची शक्यता जास्त तिच्यासाठी घरात वाद चाललाय. या औषधांचा असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, कधी बेचैनी उलट वाढते. अनेक जण नेमक्या याच आठवड्यात गोळ्या सोडतात आणि 'मानवल्या नाहीत' म्हणतात. तुम्ही सोडू नका, डॉक्टरांना फोन करा किंवा परत जाऊन सांगा. आणि मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

जायचं कुठे, तर मी सोलापूरचं सिव्हिल सुचवेन. ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय आहे, त्यामुळे मेडिसिन, स्त्रीरोग आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. तुमचे कागद एका फाइलीत राहतात आणि एक विभाग दुसऱ्याला केसपेपरवरच लिहून पाठवतो. एका फेरीत सगळं होणार नाही, तशी तयारी ठेवून जा. बार्शीहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघा, कारण केसपेपरची रांग लवकर वाढते. कुठली ओपीडी कोणत्या वारी, ते आधी फोन करून किंवा आशाताईकडून विचारून घ्या. अनेक जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरावीक दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही येतं. तुमच्याकडे येतं का, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. तुमच्या कामामुळे ते तुम्हाला ओळखतातच. सिव्हिलमध्ये गोंधळ झाला तर समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. आम्ही त्यासाठीच असतो.

तोवरचे दिवस कसे काढायचे? १४४१६ हा नंबर फक्त जीव नकोसा झाला तरच लावायचा असतो, असं नाही. भारत सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली ती अशाच लोकांसाठी, ज्यांना कुणाशी बोलावं हे कळत नाही. तिथे 'मला नक्की कुणाकडे जायचं ते कळत नाहीये' म्हणून फोन केला तरी चालतो. प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात.

आता तो कागद. डॉक्टरांसमोर बसलं की आपल्याला अर्धं आठवत नाही, आणि सरकारी ओपीडीत वेळ कमी असतो. म्हणून एक पान लिहून न्या, एकच. तुम्ही रोज अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी भरता, तशीच ही तुमची स्वतःची नोंद. साधारण अशी:

'दिवाळीनंतर सुरू. आठवड्यातून तीन-चार रात्री. काल रात्री २.२० ला जाग, धडधड, घाम, मुंग्या, वीसेक मिनिटं. पाळी शेवटची अमुक तारखेला, आठ दिवस, दिवसाला इतके पॅड. अल्प्राझोलम रात्री एक, चार महिने, चिठ्ठीशिवाय. वजन घटलं की वाढलं. आईला थायरॉइड किंवा घरात कुणाला मनाचा आजार होता का. उठूच नये असं वाटतं, किती वेळा, शेवटचं कधी.'

शेवटची ओळ गाळू नका. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे सरकवा आणि बोट ठेवा, डॉक्टरांना कळतं. कागदासोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने ईसीजी, इकोचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत घाला. हाच कागद तिन्ही विभागांत दाखवायचा, ज्याला जे लागेल तेवढंच नव्हे, पूर्ण. मानसोपचारवाल्यांना पाळीचं सांगायचं आणि स्त्रीरोगवाल्यांना झोपेचं सांगायचं.

डॉक्टर बरोबर मिळाले हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. वेळ कमी असला तरी ते तुमच्याकडे बघून ऐकतात का? काय वाटतं आणि काय अजून नक्की नाही, हे साध्या भाषेत सांगतात का? गोळी कशासाठी, किती दिवस, त्रास झाला तर काय करायचं, हे विचारल्यावर चिडत नाहीत ना? मरणाच्या विचारांबद्दल सांगितल्यावर विषय बदलत नाहीत ना? एवढं जमत असेल तर माणूस ठीक आहे, टिकून राहा. जमत नसेल तर डॉक्टर बदलणं हा तुमचा हक्क आहे. पण कागद जवळ ठेवा आणि पुढच्यांना आधी काय झालं ते सांगा. दर पंधरा दिवसांनी नव्या डॉक्टरांकडे नव्याने सुरुवात केली तर कुठल्याच औषधाला पुरेसा वेळ मिळत नाही.

घरच्यांचं. मिस्टर दोनदा रातोरात तुम्हाला घेऊन दवाखान्यात धावले, म्हणजे त्यांना तुमची काळजी आहे. ती काळजीच लोक काय म्हणतील या बाजूने बोलते आहे. त्यांच्याशी 'मानसोपचार हवा की नको' यावर वाद घालू नका. सोलापूरला चला, सगळ्या तपासण्या एकदा करून टाकू, असं म्हणा, आणि डॉक्टरांसमोर त्यांना शेजारी बसवा. तुम्ही सांगितलेलं ज्यांना पटत नाही त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं पुष्कळदा पटतं. पण ओपीडीत काही वेळ एकटीने बोलायला मागा. डॉक्टरांना तशी विनंती केली की ते नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात.

गावभर होईल, ही भीती मी उडवून लावणार नाही. गाव कसं असतं ते मलाही माहीत आहे. पण सिव्हिलच्या रांगेत कोण कुठल्या खोलीत गेलं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आणि २०१७ च्या त्याच कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक केलंय. कुणाच्या जिवाला धोका असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती तुमच्या मुख्यसेविकेला, शेजाऱ्यांना किंवा होणाऱ्या व्याह्यांना देता येत नाही. मुलीच्या लग्नाचं म्हणाल, तर मुलीनेच तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हटलंय. तिला काय हवंय ते तिने सांगून टाकलंय. उपचार न करता आजार वाढला तर तो लपवणं जास्त अवघड होईल, हे मिस्टरांना शांतपणे सांगून बघा.

जाऊबाईंशी भांडू नका. देवाला नारळ वाहिला, अंगारा लावला, त्याने मनाला बरं वाटलं तर वाटू द्या. पण तीन गोष्टींना ठाम नाही म्हणा: औषध बंद करायला सांगणं, पैसे किंवा दागिना मागणं, आणि अंगाला हात लावणं. मारहाण, चटके, मिरच्यांची धुरी, बांधून ठेवणं, हे भूत उतरवण्याच्या नावाखाली केलं तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जाऊबाईंना सोबत घेऊन सोलापूरला गेलात तरी हरकत नाही. रांगेत उभं राहायला माणूस लागतंच.

पुढच्या आठवड्यात लसीकरणाचा दिवस सोडून एक दिवस ठरवा. मदतनीसताईंना अंगणवाडी सांभाळायला सांगा, रजेचा अर्ज द्या आणि जा. रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो, सगळं चांगलं येवो की थायरॉइड सापडो, मानसोपचारची तारीख रद्द करू नका. आणि हे वाचून झालं की मिस्टरांना आत बोलवा, कुलपाची किल्ली आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात द्या. का देताय ते विचारतील. तेव्हा मला लिहिलेलं ते वाक्य त्यांना सांगा.